वीस वर्षं न हललेली पवनचक्की : मंगळवेढा तालुक्यातल्या एका वस्तीवरचं प्रकरण

पार्श्वभूमी

मंगळवेढा तालुक्यातली ही वस्ती. गावाचं नाव आणि आडनावं गाळली आहेत, बाकी जे घडलं ते तसंच लिहितो आहे. वस्तीच्या मालकांना सगळे आबा म्हणतात, वय ऐंशीच्या घरात. मी त्यांचा जावई. साखर कारखान्यात मेंटेनन्सला फिटर म्हणून बावीस वर्षं काम करतो. नातं मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पहिल्या दिवशी जे चुकलं त्यात या नात्याचाही वाटा होता.

चक्की म्हणजे हल्ली माळरानावर दिसणारी, वीज तयार करणारी तीन पात्यांची नव्हे. ही पाणी ओढणारी, जुन्या धर्तीची. केंद्र सरकारने १९८२ साली अपारंपरिक ऊर्जेचा वेगळा विभाग काढला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत अशा चक्क्या प्रात्यक्षिक म्हणून देशभर बसवल्या गेल्या. बारा पत्र्याची पाती, पाच मीटर व्यासाचं चाक, गिअर नाहीत. चाक एकदा फिरलं की क्रँक एकदा फिरतो, त्याला जोडलेली लोखंडी दांडी टॉवरच्या मधोमध खाली येते आणि विहिरीतल्या पिस्टन पंपाला वरखाली करते. आबांची चक्की त्याच धाटणीची, १९८७ साली बसवलेली. चाकाला दिशा देणाऱ्या शेपटीची स्प्रिंग मात्र पुढे कुणी तरी स्थानिक कारागिराने बदललेली.

टॉवर दहा मीटर उंच, चार पायांचा, अँगलचा. दांडी सरळ पंपावर यायला हवी म्हणून टॉवरचे दोन पाय विहिरीच्या काठावर काँक्रीटमध्ये आणि दोन पाय विहिरीवर आडव्या टाकलेल्या लोखंडी गर्डरांवर. विहीर ४५ फूट खोल, वरचे दहा-बारा फूट दगडी बांधकाम, खाली नुसता मुरूम आणि मांजऱ्या खडक.

आषाढ-श्रावणात वारा दांडगा, तेव्हा चक्की दिवसरात्र पाणी ओढायची. म्हणजे पाणी लागत नसे तेव्हा भरपूर, आणि दिवाळीनंतर ज्वारीला एखादं पाणी द्यायचं तर वारा पडलेला. तरी आबांचा तिच्यावर जीव. मग बोअर वाढले, २००३ च्या दुष्काळात विहिरीचं पाणी पंपाच्या खाली गेलं, विजेची मोटर आली, आणि चक्कीकडे कुणी बघेना. पंप गाळात जाम झाला. एका वळवात दोन पाती उडाली. दोन्ही शेजारशेजारची. ही गोष्ट ध्यानात असू द्या.

अडचण

२०२४ मध्ये थोरल्या मेव्हण्यांनी सौर पंपासाठी अर्ज केला, मंजुरीही आली. पॅनेल उभे करायला विहिरीलगतचीच जागा सोयीची, आणि तिथं दिवसभर टॉवरची सावली फिरायची. सौर पॅनेलवर नुसती पट्टीभर सावली पडली तरी ओळीतल्या सगळ्या पॅनेलची वीज घटते, कारण ते एकामागून एक जोडलेले असतात. शिवाय सव्वादोन लाखांचे पॅनेल गंजक्या लोखंडाखाली कोण ठेवील?

जागेची गोची मात्र खरी होती. टॉवरच्या पूर्वेला विहीर. पश्चिमेला नऊ मीटरवर महावितरणची ११ केव्हीची लाईन. दक्षिणेला आंब्याची दोन मोठी झाडं आणि जनावरांचा गोठा. मोकळी बाजू एकच, उत्तर, आणि तिथं जानेवारीत मालदांडी ज्वारी कमरेच्या वर उभी.

पहिला प्रयत्न

संक्रांतीनंतरचा रविवार, २०२५. सोलापुरात सिद्धेश्वरांच्या गड्ड्याची यात्रा भरलेली. यात्रा करून पाहुणे वस्तीवर हुरड्याला आले होते. शेकोटीत कणसं, शेंगदाण्याची चटणी, दही, आणि दहा-बारा धट्टीकट्टी पोरं. त्यातले दोघं यात्रेतले जड नंदीध्वज पेलायच्या सरावाला जाणारे. बोलता बोलता कुणीतरी म्हणालं, एवढी माणसं परत कधी जमायची, चक्की काढूनच टाकू. दुपारी एकच्या सुमाराला ठरलं आणि दीडला सुरुवात झाली.

बेत असा : विहिरीशी दांडी गॅस कटरने तोडायची, वर चढून पाती एकेक सोडायची, मग माथा, म्हणजे चाक आणि शेपटी धरणारा टॉवरवरचा भाग, दोराने खाली घ्यायचा. दोर म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा नाडा. पट्टा एकच, तोही खांबावर चढणाऱ्या वायरमनच्या कमरेचा, कुणाकडून तरी मागून आणलेला.

मी म्हणालो, "चाक आधी बांधून घ्या."

मेव्हणे हसले. "आवो पाव्हणं, वीस वर्सं झाली, हललेलीबी न्हाई. वाऱ्या-वादळात हलली न्हाई ती आता काय हलतीया?"

मी पुढे काही बोललो नाही. सासुरवाडी, हुरड्याचा दिवस, पंधरा माणसं. जावयाने किती शहाणपण शिकवायचं याला मर्यादा असते, निदान मला तसं वाटलं.

एक पोरगा वर गेला. माथ्यावरच्या पत्र्याच्या टोपणाखाली गांधीलमाशांचं पोळं होतं. दोन डंख बसले आणि तो शिव्या देत खाली आला. सगळे हसले. तो खाली पाणी पीत बसला असताना दुसऱ्याने वेळ वाचवायला म्हणून दांडी तोडायला घेतली.

दांडी तुटली त्या क्षणी चाक फिरलं. आवाज गाडीचा ब्रेक लागावा तसा. तुटलेली दांडी वीतभर वर उसळली, कटर धरलेल्याचा अंगठा मुरगळला आणि कटर विहिरीत गेला. चाकाने अर्धा फेरा घेतला, मग झोके घेत थांबलं. त्या हिसक्याने एक सैल पातं सुटलं आणि ज्वारीत बारा-तेरा पावलांवर जाऊन मातीत रुतलं. पोरगा वर असता तर त्याचा हात क्रँकजवळ असता. गांधीलमाशांनी त्याला वाचवलं. हे वाक्य त्या दिवशी कुणीतरी गमतीने म्हणालं. मला त्यात गंमत वाटली नाही.

असं का झालं

वारा त्या दुपारी नावालाच होता, तेव्हा दोष वाऱ्याचा नाही.

चाक गंजून जाम झालेलं नव्हतं. जाम होता पंप. पंपाला दांडी, दांडीला क्रँक, क्रँकला चाक. म्हणजे वीस वर्षं ते चाक विहिरीच्या तळातल्या गाळाने धरून ठेवलं होतं. वरची बेअरिंग ग्रीस घट्ट झाल्याने आणि टोपणामुळे बऱ्यापैकी शाबूत राहिली होती.

आणि चाक समतोल नव्हतं. शेजारची दोन पाती उडाली होती. एक पातं सात किलोच्या आसपास, मध्यापासून साधारण १.८ मीटरवर. दोन पाती म्हणजे १४ किलो गुणिले १.८, म्हणजे जास्तीत जास्त पंचवीस किलो-मीटरचा पीळ. एक मीटर लांब पान्ह्याच्या टोकाला पंचवीस किलोचं पोतं टांगल्यासारखं. उडालेली पाती खालच्या बाजूची होती, म्हणजे रिकामी बाजू खाली आणि जड बाजू वर. ती वीस वर्षं खाली यायला टपलेली. आम्ही दांडी तोडली ती खरं तर तिचं दावं तोडलं.

निर्णयाचा पहिला टप्पा इथं होता आणि तो आम्ही निर्णय आहे असं समजलोच नाही. कुठलाही बोल्ट सोडण्याआधी, दांडी तोडण्याआधी विचारायचं ते एवढंच की याने काय धरून ठेवलंय. "हललेली नाही" हे त्याचं उत्तर होत नाही.

त्या दिवशी काम थांबवलं. चाक आता मोकळं होतं, त्यामुळे नुसतं सोडून येणंही धोक्याचं. संध्याकाळी मी स्वतः अर्ध्यापर्यंत चढलो आणि खालच्या दोन पात्यांचे आरे टॉवरच्या अँगलना दोन वेगवेगळ्या ठिकाणी बांधले. कासऱ्याने नाही, आठ एमएमच्या वायररोपने आणि क्लॅम्प लावून. पट्टा तोच उसना. तेही चूकच होती, पण रात्री वारा सुटला असता तर चाक विनादांडी सुसाट फिरलं असतं, पंपाचा भार नसल्याने अधिकच.

समोरचे पर्याय

पुढच्या रविवारी ओसरीवर बैठक झाली. या वेळी हुरडा नव्हता.

पहिला पर्याय भंगारवाल्याचा. मोहोळ रस्त्यावरच्या एकाने उभ्या चक्कीचे १८,००० रुपये सांगितले होते, "आमी बगतो कसं काढायचं ते." त्याची पद्धत माहीत होती : उलट बाजूचे दोन पाय गॅसने तोडायचे, दोराने ओढायचं. पैसे हातात, डोकेदुखी नाही. पण त्याची पोरं आपल्या रानात, आपल्या विहिरीवर, आपल्या सांगण्यावरून चढणार. काही झालं तर "कंत्राट दिलं होतं" म्हणून हात झटकता येत नाहीत. गावात तर अजिबात नाही.

दुसरा पर्याय धाकट्या मेव्हण्यांचा : सगळी चक्की चाकासकट उत्तरेला आडवी पाडायची. "सोलापुरात कारखान्याची चिमणी पाडली न्हवं? तशी." सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली, त्याचे व्हिडिओ जिल्ह्यात प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आहेत, आणि तेव्हापासून उंच काहीही पाडायचं म्हटलं की हाच दाखला येतो. पण चिमणी एकसंध असते. आमच्या टॉवरचे दोन पाय काँक्रीटमध्ये आणि दोन गंजलेल्या गर्डरवर. ओढताना बिजागरीसारखं कोण वागणार आणि कोण मोडणार, सांगता येत नाही. गर्डरचा एक पाय आधी निसटला तर टॉवर वळून विहिरीत किंवा लाईनवर. मी हातोडीने गर्डर ठोकून पाहिले. चांगलं लोखंड खणखणतं. यातल्या एकाचा आवाज बद्द आला आणि खपली हातात आली. हा पर्याय तिथंच संपला.

तिसरा, डोलकाठीचा. टॉवरला बांधून माथ्याच्या वर चार-पाच फूट जाईल असा जाड पाईप, त्याच्या टोकाला कप्पी, दोर खाली आणून चेनपुलीने किंवा हातरहाटाने हळूहळू सोडायचं. जुन्या चक्क्या अशाच उतरवतात आणि चढवतातही. क्रेन लागत नाही. मला स्वतःला हा मार्ग आवडतो, हाताला भार कळतो. पण यात एक गणित लोक विसरतात. वरच्या एकेरी कप्पीवरून दोर खाली घेतला की डोलकाठीवर वजनाच्या दुप्पट ओढ येते : एकदा लटकणारं वजन, एकदा ते धरणारा दोर. चारशे किलोचा माथा म्हणजे आठशे किलो, आणि त्याचा वाटा त्या बद्द आवाजाच्या गर्डरवरही. नको.

चौथा, हायड्रा, म्हणजे चाकांवरची फिरती क्रेन. ती वजन स्वतः पेलते, टॉवरवर काही येत नाही. इथं मात्र जागेची गोची आडवी आली. विहिरीच्या बाजूने क्रेन लावणं शक्यच नाही, काठ खचेल. दक्षिणेला गोठा. उत्तरेला उभी करायची तर ज्वारी निघायची वाट बघायची, आणि तिथून बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, उघडताना ती लाईनच्या जवळ जाणार.

लाईनबद्दल ओसरीवर जे बोलणं झालं ते मुद्दाम नोंदवतो. "त्या आठवड्यात शेतीची लाईट रातची हाय, दिवसा असतीच कुटं?" शेतीच्या फीडरला तेव्हा थ्री फेज आलटून पालटून दिवसा आणि रात्री मिळायची, हे खरं. पण थ्री फेज नाही म्हणजे तारेत वीज नाही असं नव्हे. सिंगल फेज चालू असू शकतो, वेळापत्रक अचानक बदलू शकतं, आणि पलीकडून कुणी स्विच टाकू शकतो. घरातला दिवा विझला यावरून ११ केव्हीची तार मेली असं मानणारे किती गेले, हे वायरमनला विचारावं. रीतसर परमिट, म्हणजे लाईन बंद ठेवायची महावितरणची परवानगी, घ्यायचं, लाईन तोडणारा खांबावरचा एबी स्विच उघडून, कुलूप लावून, कामाच्या जागी अर्थिंग करून. त्याखेरीज बूम उचलायची नाही, असं ठरलं.

पाचवा पर्याय आबांनी मांडला. काढूच नका. पॅनेल दुसरीकडं लावा. सगळे गप्प झाले. त्यांना समजावलं ते शेवटी गर्डरने. मेव्हण्यांनी ती खपली त्यांच्या हातावर ठेवली.

ठरलं : हायड्रा, परमिट, आणि ज्वारी काढल्यावर. म्हणजे दीड-दोन महिने थांबणं. सौर पंपवाला घाई करत होता, त्याला थोपवला.

तयारी

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ज्वारी उपटून कडबा बांधून झाला. काळ्या रानाला भेगा पडलेल्या, जमीन वाळून कडक. पाऊस पडला असता तर हायड्रा पोटापर्यंत रुतली असती.

या काळात मी एक काम केलं, जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. आबांना घेऊन विहिरीवर बसलो आणि विचारलं, ही बसवली कशी होती?

"टॉवर आडवा जोडला, बैलांनी आन ट्रॅक्टरनं उभा केला. माथा मागनं चढवला. तीन दिस लागलं." मग जरा थांबून, "माथ्याच्या बुडाला आडवा बोल्ट हाय. टोपणाच्या खाली, गिरीसमदी. वाऱ्यात माथा उचलू नये म्हून त्यो मिस्त्री घालून गेला हुता."

माथा एका उभ्या पाईपवर नुसता बसलेला असतो, स्वतःच्या वजनाने, वाऱ्याप्रमाणे वळता यावा म्हणून. आम्ही तो तसाच आहे असं धरून चाललो होतो. बोल्टची माहिती नसती तर हायड्राने माथ्यासकट टॉवर ओढला असता आणि कुजका गर्डर तुटला असता.

"आबा, जानेवारीत का नाही सांगितलं?"

"मला कुणी इचारलंच न्हाई."

वजनाचा अंदाज बांधला. पाती, चाकाचा सांगाडा, शाफ्ट, क्रँक, माथ्याचं ओतकाम मिळून साडेतीनशे ते चारशे किलो. माहीत नसलेलं वजन दीडपट धरायचं या हिशेबाने सहाशे. चौदा टनी हायड्राला हे काहीच नाही असं वाटेल, पण चौदा टन हा आकडा बूम आखूड आणि जवळ असतानाचा. बूम पूर्ण उघडून लांब नेली की क्षमता झपाट्याने घटते. ड्रायव्हरकडून चार्ट मागितला. तो आधी म्हणाला, "साहेब, आम्ही रोज उचलतो." मग केबिनमधला मळका कागद काढला. आमच्या उंचीला आणि अंतराला क्षमता पुरेशी होती, पण एक गोष्ट त्याच्याकडून कबूल करून घेतली : माथा लटकत असताना गाडी हलवायची नाही. गाडी जागेवरच ठेवून, फक्त बूम मागे घेऊन खाली. भार घेऊन वळताना हायड्रा उलटतात.

बाकीची तयारी थोडक्यात. कारखान्यातले दोन रिगर, म्हणजे जड सामान बांधून उचलणारे कामगार, सुट्टीच्या दिवशी आले, त्यातल्या थोरल्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो. दोन हुकांचे पूर्ण अंगाचे पट्टे, म्हणजे एक हुक काढण्याआधी दुसरा लावलेला असतो. विहिरीवर जुने दरवाजे आणि जाळी टाकून तोंड झाकलं. कुजक्या गर्डरखाली दोन लाकडी ठोकळे आणि पाचर मारून आधार दिला. पान्हे मनगटाला नाडीने बांधले. टॉवरभोवती पंधरा मीटरचं रिंगण, कबड्डीच्या मैदानाला मारतात तशी फक्की मारून. आत फक्त कामाची माणसं. गांधीलमाशांचं पोळं आदल्या रात्री अंधार पडल्यावर काढलं.

आणि टॉवरच्या टोकाला एक लाल फडकं बांधलं. खाली धूळ-पाचोळा उडायला लागला की वारा ताशी वीस किलोमीटरच्या पुढे गेला असं समजायचं आणि थांबायचं. पाच मीटरच्या चाकाचं घेर-क्षेत्र जवळजवळ वीस चौरस मीटर. ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्यात त्यावर शंभर-सव्वाशे किलोचा रेटा येऊ शकतो, आणि वारा दुप्पट झाला की रेटा चौपट. लटकत्या चाकाला हे झेपणारं नाही. मार्चमध्ये आमच्याकडे अकरानंतर वावटळी उठतात, म्हणून परमिट सकाळी सात ते अकराचं मागितलं.

प्रत्यक्ष काम

सकाळी सव्वासातला वायरमनने अर्थिंगच्या साखळ्या टाकल्या, मगच हायड्रा आत आली.

मामांनी वर जाऊन आधी काहीच सोडलं नाही. तीन गोष्टी बांधल्या. चाक फिरू नये म्हणून समोरासमोरचे दोन आरे टॉवरला. माथा वळू नये म्हणून माथ्याचा कणा टॉवरच्या दोन पायांना. आणि वर राहिलेली दांडी माचाच्या, म्हणजे माथ्याखाली उभं राहायच्या जागेच्या, अँगलला, क्रँक हलू नये म्हणून. शेपटी काढली की माथ्याला दिशा धरणारं काही राहत नाही, वाऱ्याची झुळूक आली तरी तो गर्रकन वळतो. त्यामुळे दुसरी गाठ शेपटीला हात लावायच्या आधीची.

मग शेपटीची स्प्रिंग. गंजलेली स्प्रिंग ताणलेली असते आणि ती बोल्ट काढून सोडायची नसते. छोट्या चेनपुलीने ताण घेऊन, स्प्रिंग ढिली करून मग खिळ काढली. वीस मिनिटं गेली. खालून कुणीतरी ओरडलं, "कापा की सरळ!" मामांनी ऐकलं नाही.

शेपटी दोराने खाली आली. पाती काढायची की चाक अख्खं उतरवायचं, यावर आधीच वाद झाला होता. पाती काढली तर वाऱ्याला अडणारा पत्रा कमी होतो, पण माणूस तासभर जास्त वर राहतो, आणि काढायची तर समोरासमोरची जोडी जोडीनेच, नाहीतर चाक पुन्हा एकांगी. सकाळ शांत होती. आम्ही चाक अख्खं ठेवलं.

आडवा बोल्ट आबांनी सांगितला तिथंच निघाला. ग्रीस दगडासारखं झालेलं. डिझेल दोन दिवस आधीपासून सोडत होतो, तरी कटर लावावा लागला.

पुढचा निर्णय मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. माथा पाईपवर गंजून बसला होता. ड्रायव्हर म्हणाला, "हिसका देतो, निघंल." क्रेनने ओढायचं नाही, असं ठरलेलं होतं. ओढत राहिलं की उचलायच्या पट्ट्यात ताण साठत जातो, आणि सांधा सुटला की तो सगळा एकदम मोकळा होऊन माथा उसळतो. क्रेनने फक्त दोर कसायचा, माथ्याच्या वजनापेक्षा कमी. सुटका पाचरींनी करायची. मामांनी दोन्ही बाजूंनी पाचरी आळीपाळीने ठोकल्या. एकोणिसाव्या-विसाव्या ठोक्याला करकर झाली आणि माथा बोटभर उठला.

तिथंच आमचा अंदाज चुकला. शेपटी काढल्याने तोल पुढे गेला होता, ते आम्ही धरलं होतं, पण कमी धरलं. चाकाची बाजू फूटभर खाली झुकली. उचलायचे पट्टे दोन होते, एक चाकाच्या मागे शाफ्टला आणि एक शेपटीच्या कानाला, म्हणून तो झुकून थांबला. एकाच पट्ट्यावर असता तर उलटून चाक टॉवरवर आदळलं असतं. मामा तेव्हा माचावर नव्हते, पाचरी सुटताच चार पायऱ्या खाली उतरून पट्टा अडकवून उभे होते. माथा सुटताना वर कुणी नाही, हा नियम त्यांचा. मी लिहिलेल्या यादीत तो नव्हता.

दोन लगामाच्या दोरांनी चाक वळू न देता माथा नऊ पन्नासला जमिनीवर टेकला.

आता टॉवर राहिला होता आणि परमिटला सत्तर मिनिटं होती. मेव्हणे म्हणाले, उरकून घेऊ, हायड्राचं भाडं शिफ्टचं आहे. दहा वाजता फडकं ताठ व्हायला लागलं. वरचा टप्पा सोडायला बारा बोल्ट, सगळे गंजलेले, आणि परमिट संपताना टॉवर अर्धा सुटलेला असणं सगळ्यात वाईट. या वेळी मी जावई असूनही मोठ्याने बोललो. काम थांबवलं. मेव्हणे दोन दिवस नीट बोलले नाहीत.

आठ दिवसांनी दुसरं परमिट, दुसरी शिफ्ट. टॉवर तीन टप्प्यांत, प्रत्येक वेळी पट्टा त्या टप्प्याच्या मध्यापेक्षा वर बांधून, म्हणजे सुटल्यावर उलटत नाही. दुपारच्या आत जागा मोकळी.

निष्पत्ती

दुसऱ्या प्रयत्नात कुणालाही खरचटलं नाही. पहिल्या दिवसाचा मुरगळलेला अंगठा महिनाभर दुखला, आणि विहिरीतला कटर अजून विहिरीतच आहे.

दोन शिफ्टची हायड्रा, पट्टे, रिगरांची बिदागी मिळून २६,००० च्या आसपास खर्च झाला. टॉवरचं लोखंड किलोवर विकून १७,००० आले. भंगारवाल्याच्या १८,००० च्या तुलनेत हा व्यवहार तोट्याचाच, आणि घरात हे अधूनमधून ऐकवलं जातं. गर्डर काढले तेव्हा बद्द आवाजाच्या गर्डरची जाडी एका ठिकाणी जुन्या नाण्याएवढी राहिलेली दिसली. तो तुकडा मी ओसरीच्या कोनाड्यात ठेवला आहे. हिशेबाचा विषय निघाला की उपयोगी पडतो.

पुन्हा करायचं झालं तर

दांडी मुळीच तोडली नसती. चाक आणि माथा वर बांधून झाल्यावर खालचा जोड सोडला असता, तोही सर्वांत शेवटी. हुरड्याच्या दिवशी काम काढू दिलं नसतं. जेवणं झालेली, बघ्यांची गर्दी, अवजारं मागून आणलेली. असल्या दिवशी कुणाला नाही म्हणणं अवघड असतं, म्हणून बेत हुरडा संपायच्या आधीच मोडायला हवा होता. हायड्रा दोन शिफ्ट लागणारच आहे असं पहिल्यापासून धरलं असतं तर त्या दहा वाजताचा तंटा झाला नसता. आणि माथा उचलण्याआधी पट्टे कसून दोन बोटं उचलून तोल पाहता आला असता, पण तो जाम असल्याने ती सोय नव्हती. मागचा पट्टा तरी चेनपुलीतून घेतला असता, म्हणजे झुकल्यावर वरून सावरता आला असता.

डोलकाठीचा मार्ग मी आजही बाद करत नाही. पाया चारही बाजूंनी पक्का असेल, लाईन लांब असेल, आणि माणसं जाणती असतील तर तो हायड्रापेक्षा बरा.

चाक विकलं नाही. वस्तीसमोर दोन अँगल रोवून त्यावर शाफ्टसकट बसवलं आहे, जमिनीपासून हातभर उंच. तीन पाती कमी आहेत. ग्रीस नवीन भरल्यापासून ते झुळकीलाही फिरतं, आणि नातवंडं त्याच्याभोवती खेळतात. आबांनी त्याला म्हशीच्या दाव्याने खुंटीला बांधून ठेवलं आहे. आषाढ लागला की एखाद्या संध्याकाळी पोरांना घरात पाठवतात, दावं सोडतात आणि खाटेवर बसून बघत राहतात.